पूजेतली कात्री

मल्लव्वा गात नसे, गुणगुणत असे. आणि त्या गुणगुणण्याला ना शब्द असत, ना धड चाल. ओठ मिटलेले, पापण्या अर्ध्या उतरलेल्या आणि छातीच्या खोल तळातून निघणारा तो एकसुरी, जाड, उबदार नाद. दळण संपत आलं की जात्याचा येतो तसा. बाळंतिणीच्या खोलीत उजेड मुळातच थोडा. खिडकीला गोणपाट, दाराला जुनं लुगडं, कोपऱ्यातल्या शेगडीवर ओवा-शेपाची धुरी. त्या धुरकट काळोखात बाईला स्वतःचं अंगसुद्धा परकं झालेलं असताना तो नाद तेवढा ओळखीचा वाटे. बाहेर गिरणीचा भोंगा व्हायचा, पाळी सुटायची, पद्मशाली विणकरांच्या आळीतले माग खटखटत राहायचे. आणि आत, त्या सगळ्या खटखटाटाच्या खाली, मल्लव्वाचा तो नाद जमिनीलगत वाहत असायचा. मी दोन बाळंतपणं त्या नादाच्या आधारानं काढली. त्यांतलं एक पोर जगलं, एक गेलं. जे गेलं त्याची गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही, आणि आता सांगते आहे ती काही मोठं धैर्य आलं म्हणून नव्हे. ज्यांना वाईट वाटलं असतं ती माणसं उरली नाहीत, म्हणून.

पहिलं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाचं हे सोलापूर. आमचे हे शाळेत मास्तर होते. पूर्व भागाच्या कडेला आमचं तीन खणांचं भाड्याचं घर, सासूबाई, आम्ही दोघं आणि थोरली वत्सला. माझी आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं पहिलटकरणीनं माहेरी जायचं असतं तो रिवाज माझ्या वाट्याला आला नाही. सासरीच बाळंत झाले. मल्लव्वा आमच्या घराच्या पलीकडच्या बोळात राहायची, अगदी हाकेवर. अक्कलकोटच्या बाजूची, बोलण्यात निम्मं कानडी. मूल जन्मलं की ती त्याला 'कूसू' म्हणे आणि ते रडायला लागलं की 'अळबेड, अळबेड' म्हणत थोपटे. रडू नको, रडू नको. ज्या जगात आलास तिथं पुढं रडायला पुष्कळ सवड मिळणार आहे, घाई कशाला, असा काहीसा तिचा सूर असायचा.

उंचीनं ठेंगणी, हाडापेरानं रुंद, वर्ण भाजलेल्या विटेचा. कपाळ मोकळं, कारण नवरा प्लेगात गेलेला. चालताना ती डाव्या पायावर किंचित झुकायची. तोंड मात्र फटकळ. ओरडायला लाजणाऱ्या पोरींना म्हणायची, "वरड की गं! मास्तरानं बी ऐकू दे जरा. त्येला वाटंल, पोरं झाडाला लागत्यात." वेणांनी अर्धमेली झालेली बाईसुद्धा त्यावर हसायची, आणि त्या हसण्यानं अंग सैल पडलं की मल्लव्वा समाधानानं मान हलवायची. तेवढ्यासाठीच तिनं ते बोललेलं असायचं.

तिचं एक दुःख साऱ्या आळीला ठाऊक होतं आणि त्यावर कुणी कधी बोलत नसे. तिला तीन मुलं झाली होती, आणि तिन्ही आठव्या दिवसाच्या आत गेली होती. त्या काळी हे इतकं नेहमीचं होतं की त्या मरणाला आमच्याकडे 'आठवा' म्हणायचे. पोर आधी दूध ओढेनासं व्हायचं, मग तोंड मिटायचं ते उघडायचं नाही, मग साधा वारा लागला तरी अंगाची कमान व्हायची. सटवाईचा कोप, दृष्ट, बाहेरचं काहीतरी, अशी त्याची कारणं प्रत्येक घरानं आपापल्या ऐपतीप्रमाणं ठरवलेली. आठवा दिवस सुखरूप ओलांडला की मग पोराच्या नावाचा विचार करायचा. त्याआधी नाव तोंडावर आणणं म्हणजे नशिबाला खोडी काढायला बोलावणं. नाळ कापायची ती घरात असेल त्या विळ्यानं, नाहीतर ज्वारीच्या धाटाची पातळ चोय काढून. ती चोय पात्यासारखी धारदार असते. आमच्या सासूबाईंची चारही मुलं त्या चोयीनंच सुटी झाली होती, आणि चारांतली दोन जगली होती, हा त्यांच्या मते धाटाच्या बाजूचा पुरावा होता.

मग शहरातल्या एका सूतिकागृहानं सुईणींसाठी वर्ग काढला. तिथल्या नर्सबाई पांढऱ्या पातळातल्या, करड्या आवाजाच्या, वेळेच्या पक्क्या. बहुतेक सुईणी पहिल्या दोन दिवसांतच गळाल्या. आमचे केस पिकले या कामात, ही कोण आम्हाला शिकवणार, म्हणून. मल्लव्वा शेवटपर्यंत गेली. मागाहून तिनं मला सांगितलं की आठव्याचं खरं कारण नाळ कापायच्या मळक्या पात्यात असतं, हे ज्या दिवशी नर्सबाईंनी सांगितलं, त्या दिवशी ती तिथल्या फरशीवर बसून संध्याकाळपर्यंत रडत होती, आणि बाकीच्या बायकांना वाटलं, म्हातारीचं पोट दुखतंय.

वर्ग संपल्यावर प्रत्येकीला पत्र्याची एक पेटी मिळाली. तीत साबणाची वडी, दोऱ्याचं रीळ, नखं घासायचा ब्रश, तांबूस उग्र औषधाची बाटली आणि एक कात्री. नाळ कापण्याआधी ती कात्री वीस मिनिटं पाण्यात खळखळ उकळायची, असा दंडक. मल्लव्वाकडे घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी तिला ते वाचता आलं नसतं. तिनं त्यावर आपला तोडगा काढला. पाण्याला उकळी फुटली की शंकराचं नाव घेत रुद्राक्षाच्या दोन माळा ओढायच्या. दुसरी माळ संपली की कात्री बाहेर. मास्तरांनी एकदा आपलं घड्याळ धरून पाहिलं तर बावीस मिनिटं भरली. मास्तर प्रसन्न झाले. ती म्हणाली, "तुमचं घड्याळ पुढं चालतंय, मास्तर."

वत्सला त्याच कात्रीनं सुटी झाली. तिच्या मागून आमच्या आळीत आणि विणकरांच्या आळीत मिळून कितीतरी पोरं झाली आणि मल्लव्वाच्या हातचं एकही आठव्यानं गेलं नाही. तेव्हा लोकांनी काय करावं? त्यांनी कात्रीला हळदकुंकू वाहिलं. गर्भार बायका मल्लव्वाच्या घरी जाऊन त्या पत्र्याच्या पेटीच्या पाया पडू लागल्या. कुणी पेटीपुढं नारळ ठेवी, कुणी खण ठेवी. मी मास्तरांची बायको, चार बुकं वाचलेली, या सगळ्याला मनातून हसायची. पण दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्यावर एका मंगळवारी मीही जाऊन पेटीला हात लावून आले, हे कबूल करायला हवं. मल्लव्वा स्वतः तर त्या कात्रीला देवच मानू लागली होती. उकळतं पाणी, माळा, शंकराचं नाव आणि जगलेलं पोर या चारांतलं नेमकं कशानं काय होतं, हे तिच्या मनात वेगळं निघालंच नाही. नर्सबाईंनी पाणी आणि उष्णता शिकवली. ती शिकली राखण. तिची तीन पोरं राखायला जे कुणी आलं नव्हतं, ते आता लोखंडाचं रूप घेऊन तिच्या पेटीत येऊन राहिलं होतं. मला त्यात तेव्हाही वेडेपणा दिसला नाही, आजही दिसत नाही.

आश्विनातलं आमच्याकडचं ऊन पावसाळ्याची सारी ओल एका आठवड्यात पिऊन टाकतं. नवरात्राच्या अखेरीला माती पुन्हा पांढुरकी पडते आणि दुपारच्या उजेडाला एक कोरडी धार चढते. त्या वर्षीची खंडेनवमी अशाच उन्हाची होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा. ज्यानं ज्यानं वर्षभर आपल्याला पोसलं, त्या त्या अवजाराला धुऊन, गंध-फूल वाहून देवापुढं ठेवायचं आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. विणकरांचे माग सकाळपासून मुके होते. सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, आमच्या घरची विळी, अडकित्ता, माझी शिवणाची कात्री, सगळं झेंडूच्या पाकळ्यांखाली निजलेलं. आळीत इतकी शांतता की कान बधिर झाल्यासारखे वाटत होते. आणि त्या शांततेत, दुपारी बाराच्या सुमाराला, दिवस भरायला अजून आठवडा असताना, मला कळा सुरू झाल्या.

मल्लव्वा आली ती ओल्या केसांनी, कपाळाला भस्म लावून, पूजेवरून उठून. पेटी घेऊन आली. कोपरापर्यंत हात दोनदा साबणानं धुतले, नखं घासली, माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि गुणगुणायला लागली. मग तिनं पेटी उघडली आणि तिचं गुणगुणणं थांबलं. मला वाटलं, पोटात काही वाकडं तिच्या हाताला लागलं.

"काकू," ती सासूबाईंना म्हणाली, "कात्री घरला हाय. पूजंत."

सासूबाई उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. बाळंतिणीचा विटाळ नको म्हणून त्या आत येत नसत, पण खोलीतला कारभार सारा त्यांच्या शब्दावर चाले. त्या म्हणाल्या, "मग असू दे. आज का कुणी हत्यार उचलतं? नवमीची मांडलेली पूजा मोडली तर वंशाला भोवते. धाटाची चोय आहे की. माझी सगळी त्यानंच झाली."

 मल्लव्वाचा तळवा माझ्या पोटावर तसाच होता. तिच्या चेहऱ्यावर मी त्या क्षणी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. ती घाबरलेली नव्हती. दोन देवांच्या मध्ये उभं राहिलेलं माणूस जसं कुणीतरी तिसऱ्यानं आपल्याला ढकलावं म्हणून वाट बघतं, तशी ती वाट बघत होती. कात्रीतला देव एका दिवसाची विश्रांती मागत होता, आणि मल्लव्वानं वर्षभर त्याच्याकडे एवढं मागितलेलं, की ती विश्रांती मोडायचा धीर एकटीला होत नव्हता. ती माझ्याकडे वळली. एरवी ती मला चेष्टेनं मास्तरीण म्हणायची; त्या दिवशी तिनं चेष्टा केली नाही.

"मास्तरीणबाई, तू वाचलेली हायेस. तू सांग. जाऊन आनू का? पोर याया अजून येळ हाय. मी जाती आन् येती."

एक शब्द हवा होता. 'आण.' दोन अक्षरं. तो शब्द मी म्हटला असता तर सासूबाई रागावल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, पुढं घरात काही वाईट झालं की त्या नवमीची आठवण काढली असती. याहून जास्त काही झालं नसतं. सूतिकागृहानं वाटलेलं ते पत्रक मास्तरांनी मला स्वतः वाचून दाखवलं होतं. न उकळलेल्या कशानंही नाळ कापू नये, हे वाक्य मला तोंडपाठ होतं. पण त्या क्षणी पत्रक आठवलं नाही. वंशाला भोवते, हेच कानात राहिलं. शिकून आलेली भीती आणि आईच्या दुधातून आलेली भीती यांची झुंज लागली की कोण जिंकतं, ते मला त्या दुपारी कळलं.

मी भिंतीकडे तोंड केलं.

शेजारच्या गोठ्यात म्हशीसाठी कडबा रचलेला होता. त्यातलं एक धाट आणलं गेलं. मल्लव्वानं ते साबणानं धुतलं, वरून कढत पाणी ओतलं, बाटलीतलं तांबूस औषध लावलं. उकळता काही आलं नाही. चोय उकळली की मऊ पडते आणि मग कापत नाही. पोर जन्मल्यावर वार पडेपर्यंत ती माळ ओढत बसली होती. घाईघाईनं, मणी चुकवत, पुन्हा मागं जात. हातून राहिलेलं सगळं ती नुसत्या नामानं भरून काढू बघत होती. मग तिनं नाळ कापली. मुलगा होता. जोरात रडला. सासूबाईंनी बाहेरून साखर वाटायला सांगितली, आणि बाहेरच्या खोलीत पाटीपूजेसाठी पुस्तकं रचत बसलेल्या मास्तरांनी कशानं कापली हे विचारलं नाही. बायकांच्या खोलीत पुरुषांनी डोकावू नये, हा शहाणपणा फार जुना आहे आणि पुरुषांच्या फार सोयीचा आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा झाला. हत्यारं उठली, माग पुन्हा खटखटू लागले. पाच दिवस मुलगा चांगला प्यायला. त्याचे कान माझ्या वडिलांसारखे होते, वरून थोडे दुमडलेले. सहाव्या दिवशी सटवाईची पूजा मांडली. पाट्यापाशी कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवली, तिनं येऊन नशीब लिहावं म्हणून, आणि पूजेला विळीही ठेवली. आता ती उचलायला कुणाची हरकत नव्हती. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मुलानं स्तन तोंडात धरला आणि सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला.

सातव्या दिवशी सकाळी मल्लव्वा त्याला न्हाऊ घालायला आली. तिनं करंगळी त्याच्या ओठांत घातली आणि तशीच ठेवली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं. ती उठली आणि तशीच, डोक्यावर पदरसुद्धा न घेता, सूतिकागृहाकडे गेली. नर्सबाईंना बोलावून तिनंच आणलं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढं आळीत सगळे हे विसरले. ती गप्प राहिली असती तर तो आणखी एक आठवा झाला असता, सटवाईच्या खात्यावर गेला असता, आणि मल्लव्वाच्या केसालाही धक्का लागला नसता.

नर्सबाईंनी खोलीत अंधार करायला सांगितला, आवाज करू नका म्हणाल्या, थेंबथेंब काही पाजून पाहिलं. त्या बाईंच्या करड्या आवाजाखाली दया होती. पण दयेनं उघडेल असं ते तोंड राहिलं नव्हतं. त्या दिवशी कोजागिरी होती. सकाळीच घरोघर दूध येऊन पडलं होतं, आणि माझ्या अंगावरचं दूध लुगड्यातून ठिबकून वाकळेवर पसरत होतं. शेजारच्या भांड्याचा आवाज झाला तरी त्याचं एवढंसं अंग ताठत होतं. आठव्या दिवशी दुपारी तो गेला. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्यामुळं त्याला नाव नव्हतं. मास्तर त्याला उपरण्यात गुंडाळून घेऊन गेले आणि ओढ्याकाठी पुरून आले. किती खोल पुरलं, हे मी विचारलं. त्यांनी हातानं दाखवलं.

त्यानंतर तीन दिवसांनी नर्सबाई वही घेऊन आल्या. बाहेरच्या खोलीत त्या स्टुलावर, सासूबाई भिंतीला टेकून, आणि दाराशी मल्लव्वा उभी. मी आतल्या खोलीत होते, मध्ये फक्त लुगड्याचा पडदा. नाळ कशानं कापली, त्यांनी विचारलं.

"धाटानं."

"कात्री दिलेली होती ना?"

"पूजंत हुती, बाई. खंडेनवमी हुती."

नर्सबाईंनी वहीवरून मान वर केली. त्या चांगल्या बाई होत्या. त्यांना खरोखर समजून घ्यायचं असावं. त्यांनी विचारलं, "कुणी आणू नको म्हटलं का? घरच्या कुणी?"

सासूबाईंच्या जपमाळेचे मणी सरकत होते ते थांबले. पडद्याला एक भोक होतं; त्यातून मला मल्लव्वा दिसत होती. तिनं सासूबाईंकडे पाहिलं नाही. तिनं पडद्याकडे पाहिलं. आतून काही येईल, असं तिला वाटलं असेल का? मी उठून बसलेसुद्धा. 'तिनं विचारलं होतं, मीच बोलले नाही,' एवढंच तर म्हणायचं होतं. मी पुन्हा वाकळेवर आडवी झाले. त्या एका वाक्यानं सासूबाई उघड्या पडणार होत्या, मी उघडी पडणार होते, आणि ज्यानं त्या लेकराला ओढ्याकाठी ठेवलं त्या माणसाच्या डोळ्यांना मला डोळे द्यावे लागणार होते.

"न्हाई बाई," मल्लव्वा म्हणाली. "कुनी न्हाई. माझी मीच."

पेटी परत घेतली गेली. सुईणींच्या यादीतून तिचं नाव काढलं. नियमानं ते बरोबरच होतं. नियमाला पडद्याआडचं दिसत नाही. आळीनं मात्र नियमाच्या पुढं मजल मारली. ज्या बायकांनी पेटीपुढं नारळ ठेवले होते त्याच म्हणू लागल्या की म्हातारीचा हात उलटा पडला, तिची नजरच वाईट, स्वतःची तीन खाल्ली आता लोकांची खाते. गरज सरो वैद्य मरो. तिला कुणी बोलावेना. दिवाळीनंतर ती अक्कलकोटला भावाकडे निघून गेली, आणि आमच्या आळीतल्या बाळंतिणी पुन्हा विळ्याच्या आणि धाटाच्या हाती गेल्या. त्या हिवाळ्यात विणकरांच्या आळीत दोन आठवे झाले. त्यांचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा, ते मला आजही ठरवता येत नाही, आणि खरं म्हणजे येतं.

मास्तर एकदाच म्हणाले, "तू तरी सांगायचं होतंस, कात्री आणा म्हणून." मी म्हटलं, मी कळांत होते, मला शुद्ध कुठली. त्यांनी ते मानलं. सासूबाईंनी मानलं. पुन्हा पुन्हा सांगून माझं मलाही ते खरं वाटू लागलं. कळ आली होती, डोळ्यांपुढं अंधारी होती, तिचं बोलणं मला लांबून आल्यासारखं वाटत होतं. रोज थोडं थोडं लिंपत गेलं की कुडाच्या भिंतीतली भोकं बुजतात.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. सातव्या महिन्यात सासूबाईंनी नवस बोलल्याप्रमाणं अक्कलकोटला स्वामींच्या मठात दर्शनाला नेलं. त्या आरतीला बसल्या तेव्हा मी पाय मोकळे करून येते म्हणून बाहेर पडले आणि विचारत विचारत मल्लव्वाच्या भावाचं घर गाठलं. काय म्हणायचं ते वाटभर घोकत होते. तिच्यापुढं तरी ते वाक्य उच्चारायचं, पाय धरायचे, असं ठरवून आले होते.

ती परसात शेणी थापत होती. ऊन तिच्या पाठीवर होतं. वाळली होती; रुंद खांद्यांची नुसती हाडं राहिली होती. मला बघून ती उठली, आनंदली म्हणावं तर तसंही नाही, आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "सातवा." मग ती कोपऱ्यातल्या रांजणापाशी गेली आणि हात धुवायला लागली. साबण नव्हता, राखेनं घासत होती, कोपरापर्यंत, दोनदा. निंबाची काडी मोडून एकेक नख तिनं साफ केलं. मी उन्हात उभी राहून ते बघत होते आणि मला रडू आवरेना. पुन्हा कधीही कुणी बाळंतपणाला न बोलावलेली ती बाई, एक पोट नुसतं चाचपायचं होतं, म्हणून एवढे हात धूत होती.

तिनं तळवा पोटावर ठेवला. "सरळ हाय. कूसू चांगलं हाय." मग हात तसाच ठेवून म्हणाली, "घरी बाळंत हू नगंस. सूतिकागृहात जा. सन असू दे, वार असू दे, कोन काय म्हनंल ते म्हनू दे. जा."

मी म्हटलं, "मल्लव्वा, त्या दिवशी मी... मला कळ आली होती, मला काही..."

वाटभर घोकलेलं वाक्य ते नव्हतं. तोंडातून मात्र तेच आलं. लिंपलेल्या भिंतीनं स्वतःहून उत्तर दिलं.

मल्लव्वा रागावली नाही. तिनं हातही काढला नाही. लहान मुलाची चुकलेली बाराखडी दुरुस्त करावी इतक्या साध्या सुरात ती म्हणाली, "न्हाई, बाय. कळ सरली हुती तवा. दुसरी याया अवकाश हुता. माझा हात हुता की पोटावर."

सुईणीपासून पोट लपत नाही म्हणतात. त्यामागं काय काय लपत नाही, ते मला तिथं कळलं. दोन वर्षं ती हे जाणून होती. त्या दिवशी दाराशी उभं राहून 'माझी मीच' म्हणताना जाणून होती. मी तिचे पाय धरले नाहीत. जे तिला ठाऊक होतं ते तिला सांगून क्षमा मागायची म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी घेणंच झालं असतं. मठातली आरती संपल्याचा घंटानाद आला. ती म्हणाली, "जा, काकू हुडकत असतील," आणि पुन्हा शेणाच्या पाटीपाशी बसली.

मी सूतिकागृहात बाळंत झाले. त्यासाठी मला सासूबाईंशी भांडावं लागलं, आणि आश्चर्य म्हणजे भांडता आलं. तो मुलगा आज स्वतः आजोबा आहे. मल्लव्वा त्याच वर्षी उन्हाळ्यात गेल्याचं पुढं कुणाकडून तरी कळलं. कशानं, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. सासूबाई गेल्या, मास्तर गेले, विणकरांच्या आळीतले हातमाग जाऊन तिथं यंत्रांचे माग आले. आता मी ते वाक्य कुणालाही, कितीही मोठ्यानं सांगू शकते, आणि नेमकं ज्यांना सांगायचं ती दोघं, मल्लव्वा आणि ते लेकरू, ऐकायला नाहीत. काळ सगळं पुसतो असं म्हणणाऱ्यांनी बहुधा आयुष्यात वेळेवर बोलून टाकलेलं असतं. माझ्यापुरतं म्हणाल तर गेलेली बाकीची माणसं दर वर्षी थोडी थोडी लांब जातात. एक नाव नसलेलं पोर आणि एक ठेंगणी बाई मात्र जागची हलत नाहीत, आणि एक कळ सरून दुसरी यायच्या आत मी काय म्हणते आहे, याची वाट बघत राहतात.